खर्ज म्हणजे बास नव्हे

मिरजेत तंबोरा करायला टाकला की पहिला प्रश्न पट्टीचा येतो, म्हणजे हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीला ‘सा’ धरायचा, काळी एक की पांढरी दोन. कारण आपल्याकडे गायक स्वतःच्या गळ्याप्रमाणे षड्ज (सा) धरतो आणि वाद्ये त्याच्या मागे येतात. ऑपेरात पट्टी स्वरलिपीतच ठरलेली असते आणि तिला पेलणारा गळा शोधावा लागतो. पुरुषांच्या खालच्या आवाजांचे वर्गीकरण मुख्यतः या गरजेतून पक्के झाले. म्हणूनच सांगलीसारख्या नाट्यपंढरीतही जाणकार श्रोते बासला, म्हणजे ऑपेरातल्या पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजाला, ‘खर्जाचा आवाज’ म्हणतात, ते खटकते. खर्ज म्हणजे खालच्या सप्तकातला सूर, आणि तो ज्याच्या त्याच्या षड्जाला बांधलेला असतो. काळी चारसारख्या उंच पट्टीत नाट्यपद गाणाऱ्यालाही स्वतःचा खर्ज असतोच.

आज बासच्या वरच्या पुरुषी आवाजाला ‘बॅरिटोन’ म्हणतात. हा शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीस धार्मिक समूहगायनात आला, तेव्हा तो पुष्कळदा सर्वांत खालच्या आवाजासाठी वापरला जाई. ऑपेराने तो बराच उशिरा वेगळा मानला. १७८७ साली प्रागमध्ये रंगमंचावर आलेल्या मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेरात नायक, त्याचा नोकर, खेड्यातला नवरदेव आणि दगडी पुतळा होऊन परतणारा सरदार या चारही भूमिका बाससाठीच लिहिलेल्या आहेत, आणि पहिल्या प्रयोगात नवरदेव व सरदार एकाच गायकाने गायले. आज नायक बहुधा बॅरिटोन असतो, तर पुतळ्यासाठी भारदस्त बास लागतो. ही फाळणी व्हर्दीच्या ‘नाबुक्को’ (१८४२) ते ‘रिगोलेत्तो’ (१८५१) या ऑपेरांच्या काळात ठळक झाली, कारण तेथे बॅरिटोनला दीर्घकाळ वरच्या स्वरांत, सुमारे ३९२ हर्ट्‌झच्या ‘जी’पर्यंत जात, गावे लागते.

खरा गुंता ‘बास-बॅरिटोन’चा आहे. १८७६ साली बायरॉइटमध्ये प्रथमच सलग सादर झालेल्या वाग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेरा-मालिकेतील देवाधिदेवाच्या भूमिकेला बासचे वजन हवे आणि बॅरिटोनचा वरचा दमही हवा. काही शिक्षक हा स्वतंत्र प्रकार मानतात, काही त्याला खालचा बॅरिटोन किंवा वरचा बास म्हणतात. माझ्या मते हे नाव गळ्यापेक्षा भूमिकेचे वर्णन अधिक करते. आवाज किती खाली पोहोचतो यावरून निवाडा करणे चूक आहे. सकाळी उठल्या उठल्या बॅरिटोनही बासचे स्वर लावून दाखवतो. आवाज तासभर न थकता कोठे टिकतो, आणि वर जाताना त्याचा लगाव (स्वर लावण्याची पद्धत) कोणत्या स्वरावर बदलावा लागतो, हे पाहावे लागते. बासमध्ये हा बदल बॅरिटोनच्या आधी, खालच्या स्वरावरच येतो.