४३ फूट म्हणजे नेमके किती?

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५५ च्या पुढे गेला होता. रोजच्या पूर अहवालात फुटांच्या शेजारी कंसात मीटरही छापतात, आणि ४३ फुटांपुढे तिथे ५४३.२९ मीटर असं असतं. शाळेतल्या गणिताने ४३ फूट म्हणजे जेमतेम १३ मीटर. फूट मोजले ते बंधाऱ्यावरच्या पट्टीच्या शून्यापासून आणि मीटर समुद्रसपाटीपासून, एवढीच गोम. कोल्हापूरकराला हे सांगावं लागत नाही, पण संगणकाला सांगावंच लागतं.

पुराचं मॉडेल म्हणजे नदीची आणि काठाची जमीन आकड्यांत मांडायची, वरून पाणी सोडायचं आणि ते कुठवर पसरतं ते पाहायचं. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी बनवलेलं हेक-रास हे सॉफ्टवेअर १९९५ पासून यासाठी वापरात आहे आणि फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियात टफ्लो चालतं. नकाशे बघायला क्यूजीआयएस किंवा आर्कजीआयएस. एकाचं काम दुसऱ्यात न्यायचं म्हणजे फाइलचा प्रकार बदलायचा. जीडॅल नावाची मोफत साधनं हे एका ओळीच्या आज्ञेत करून देतात. आकडे बिनबोभाट पलीकडे जातात. ते कशापासून मोजले, कुठल्या क्रमाने मांडले, ही माहिती मात्र वाटेत गळू शकते.

साधं उदाहरण घ्या. जमिनीच्या उंचीची जाळी म्हणजे वहीतल्या चौकटीच्या कागदासारखी, प्रत्येक घरात एक आकडा. आर्कजीआयएसची मजकूर-जाळी वरून, म्हणजे उत्तरेकडून लिहितात. सर्फर या सॉफ्टवेअरची खालून, दक्षिणेकडून. कुणी घाईत फक्त फाइलच्या माथ्यावरच्या, जाळीची माहिती देणाऱ्या ओळी बदलल्या आणि आकडे तसेच ठेवले, तर शहराच्या उत्तरेची पंचगंगा दक्षिणेला कळंब्याकडे वाहू लागते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. ज्या घराची उंची माहीतच नाही तिथे उणे ९९९९ लिहायची पद्धत आहे. नव्या सॉफ्टवेअरला ही खूण कळली नाही तर ते तिथे दहा किलोमीटर खोल खड्डा समजतं, आणि अख्खा पूर त्यात गडप होतो.

नकाशातल्या रेषा-आकृत्या आणि त्यांची माहिती साठवणाऱ्या शेपफाइलची तऱ्हा वेगळी. तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच अक्षरं मिळतात. नदीतल्या गवत-झुडपांचा, खडकांचा पाण्याला होणारा अडथळा दोन काठांना वेगवेगळा असतो. समजा रकान्यांना ‘रफनेस_लेफ्ट’ आणि ‘रफनेस_राइट’ अशी नावं दिली. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘रफनेस’ची अक्षरं नऊ, खालची रेघ दहावी. डावा काठ की उजवा, हे अकराव्या अक्षरापासून पुढे! भरीत भर म्हणजे शेपफाइलच्या गोतावळ्यातली ‘डॉट पीआरजे’ फाइल नकाशाची प्रक्षेपपद्धती (गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी मांडली ते) सांगते, तर हेक-रासची ‘डॉट पीआरजे’ ही प्रकल्पाची मुख्य फाइल असते. नावं तीच, माणसं वेगळी.

खरी दगाबाज गोष्ट म्हणजे उंचीचा शून्य. उपग्रह उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती लंबगोलापासून. समुद्र काही त्या लंबगोलावर बसलेला नाही. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसल्याने समुद्रसपाटी कुठे त्याच्या वर, कुठे खाली असते, आणि भारताच्या दक्षिणेला ती तब्बल शंभर मीटर खाली आहे. समुद्रसपाटी लंबगोलाच्या इतकी खाली जगात दुसरीकडे कुठेच नाही. कोल्हापुराच्या आसपास हा फरक सुमारे ७० मीटरचा आहे. नासाच्या २००० सालच्या शटल मोहिमेतल्या उंच्या समुद्रसपाटीपासून दिलेल्या आहेत. इस्रोच्या कार्टोसॅट-१ वरून बनलेला नकाशा लंबगोलापासून. दोन्ही फाइली दिसायला जुळ्या: तोच प्रकार, तेच मीटर. त्यातली दुसरी घेऊन त्यावर अहवालातली ५४३.२९ ची पातळी टेकवली की महाद्वार रोडवर पन्नास-साठ मीटर पाणी. जोतिबाचा डोंगर तेवढा कोरडा.

एवढी मोठी चूक हसून सोडून देता येते, दोन मीटरची नाही. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग भरावावर आहे आणि तो भराव पाणी अडवतो. पाच मीटरच्या घरांची जाळी तीस मीटरची केली की भरावाची उंची आजूबाजूच्या शेतांच्या सरासरीत विरून जाते, आणि मॉडेलमधलं पाणी सरळ पलीकडे जातं. पडद्यावरचा निळा रंग इतका पटण्यासारखा असतो की कुणी शंकाही घेत नाही.

म्हणून फाइल बदलल्यावर मॉडेल चालवायच्या आधी मी राजाराम बंधाऱ्यावर माउस नेतो. पट्टीचा शून्य सुमारे ५३० मीटरवर येतो, म्हणजे तिथे ५३०-५४० च्या घरातला आकडा हवा. ४६०-४७० दिसला, की आधी चहा सांगतो.