नॉयश्वानस्टाइन पाहायला जाताना: व्हिसा, कागदपत्रं आणि तिकिटाची वेळ

बव्हेरियाच्या आल्प्समधला नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा पाहायला दोन परवानग्या लागतात. एक जर्मनीत शिरायची, दुसरी राजवाड्यात शिरायची. पहिलीसाठी कागदांचा गठ्ठा लागतो, दुसरीसाठी फक्त तिकीट. पण व्हिसा हातात पडला की लोक निर्धास्त होतात आणि दुसरीपाशी अडकतात, कारण आत जायची वेळ तिकिटावर मिनिटासकट छापलेली असते.

व्हिसा कोणाला, आणि कोणत्या देशाकडे मागायचा

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, अल्पमुदतीचा व्हिसा हवाच. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. लंडन किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या मंडळींनाही तो लागतो आणि अर्ज ते राहतात तिथूनच करावा लागतो. जर्मनीतच शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्यांना त्यांचं निवास कार्ड पुरे.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: राजवाडा जर्मनीत आहे म्हणून अर्जही जर्मनीकडेच, असं नसतं. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे अर्ज. पॅरिसला ३ रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ४ आणि म्युनिकला २ असतील, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे जाईल. मुक्काम सारखाच असेल, तर ज्या देशातून आत शिरणार तो देश. अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज टाकायचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. हॉटेलच्या रात्री मोजल्या की ते लगेच उघडं पडतं.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण नियमानुसार ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर दिवाळीनंतर कामाला लागा. जर्मनीचे अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रांवर घेतले जातात, मुंबई आणि पुण्यातही. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ आणि त्याहून लहानांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात.

कागदपत्रं

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. सोबत भरलेला अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, विमानाचं आरक्षण, प्रत्येक रात्रीचं हॉटेल, बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र. नोकरदारांनी पगाराच्या पावत्या आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र, व्यावसायिकांनी नोंदणीचा दाखला, निवृत्तांनी पेन्शनचा पुरावा द्यावा. अल्पवयीन मुलासाठी जन्मदाखला आणि दोन्ही पालकांची संमती. दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर जोडा.

यादी सगळेच पूर्ण करतात. अर्ज अडतो तो तारखा न जुळल्यामुळे. रजेच्या पत्रात १० ते २० आणि हॉटेल २१ पर्यंत, असं झालं की शंका येते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक आलेले दोन-तीन लाखही तसेच नजरेत भरतात.

म्युनिकला भाची राहते, खर्चही तीच करणार, असं असेल तर तिने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून औपचारिक हमीपत्र काढून मूळ प्रत पाठवायची. साधं निमंत्रणपत्र त्याच्या जागी चालत नाही.

नकार आला तर पूर्वी जर्मन दूतावासाकडे फेरविचाराची विनंती करता यायची. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद आहे. आता एक तर नव्याने अर्ज करायचा, नाही तर जर्मन न्यायालयात जायचं.

राजवाड्याचं तिकीट व्हिसाच्या कागदपत्रांत लागत नाही. प्रवासाच्या आराखड्यात त्या दिवसापुढे नाव लिहिलं की झालं. तिकीट व्हिसा हाती आल्यावरच काढा.

राजवाड्याचं तिकीट

बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने १८६९ मध्ये बांधकाम सुरू केलं ते स्वतःच्या एकांतासाठी. १३ जून १८८६ ला तो वारला आणि १ ऑगस्टला वाडा लोकांना खुला झाला, तो आजतागायत गजबजलेला आहे. सिंहासनाच्या दालनात सिंहासनच नाही, ते बनवायचं राहूनच गेलं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात रायगड, राजगड, जिंजीसह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्याच अधिवेशनात लुडविगचे वाडेही गेले. तेव्हा गर्दी कमी होईल अशी आशा नको.

आत फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं, सुमारे अर्धा तास. तिकीट अधिकृत संकेतस्थळावर आधीच काढा. खिडकी खाली होहेनश्वानगाऊ गावात आहे, पण उन्हाळ्यात तिथे त्या दिवसाचं तिकीट मिळेलच असं नाही. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत असला तरी त्यांचंही तिकीट काढावं लागतं. विद्यार्थी आणि ६५ वर्षांवरच्यांना सवलत आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. शेजारचा पिवळा होहेनश्वानगाऊ वाडा, जिथे लुडविगचं बालपण गेलं, त्याचं तिकीट वेगळं.

वेळ निवडताना उलटा हिशेब करा. म्युनिकहून फ्युसेनला रेल्वेने सुमारे दोन तास, पुढे बसने दहा मिनिटं आणि गावातून वर दीड किलोमीटरचा चढ, त्याला ३० ते ४० मिनिटं. बायर्न तिकीट हे पाच जणांपर्यंत चालणारं दिवसाचं रेल्वे तिकीट स्वस्त पडतं, पण कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच लागू होतं. म्हणजे त्या तिकिटावर येणाऱ्यांनी दुपारी १ च्या आधीची वेळ घेऊच नये. वेळ चुकली की तिकीट वाया, दारावरचा माणूस ऐकून घेत नाही.

आई-बाबा सोबत असतील तर घोडागाडी किंवा बस आहे, मात्र दोन्ही दारापर्यंत जात नाहीत, शेवटचा टप्पा चालावाच लागतो. आत चढायला दीडशेहून जास्त पायऱ्या, उतरायलाही तेवढ्याच. चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्ट आहे, पण आधी कळवून ठरवावं लागतं. मोठी सॅक आणि बाबागाडी आत नेता येत नाही, फोटो काढायला मनाई आहे.

कॅलेंडरवर दिसतो तो फोटो मारीएनब्रुके या दरीवरच्या पुलावरून घेतलेला असतो. त्याला तिकीट नाही. बर्फ पडला की पूल बंद होतो, वर जाणारी बसही थांबते. हिवाळ्यात वाडा सकाळी १० ते दुपारी ४ एवढाच उघडा असतो आणि २४, २५, ३१ डिसेंबर व १ जानेवारीला पूर्ण बंद. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हॉटेल ठरवण्याआधी या चार तारखा टाळाव्यात.