पडलेली मोटरसायकल उचलताना

मुंबईतल्या सोसायटीत गाडी आडवी व्हायला रस्त्यावर जावं लागत नाही. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांमध्ये धड हात शिरत नाही. कुणी मागची सायकल ओढतं, कुणी दप्तरासकट वळतं आणि उभी बाइक धाडकन पडते. आरसा फुटायचा तो फुटून गेलेला असतो. मला काळजी वाटते ती पुढच्या दहा मिनिटांची, कारण लोक जमायच्या आत गाडी उभी करायच्या घाईत माणसं कंबर धरून बसतात.

आधी किल्ली बंद करा आणि पेट्रोलचा वास येतोय का बघा. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती वर उडून न जाता जमिनीलगत साचते. हवेत जेमतेम दीड टक्का वाफ मिसळली तरी एक ठिणगी पुरते. आपल्याकडे विजेचे मीटरही बहुधा तळमजल्यावरच असतात, म्हणून वास जाईपर्यंत तिथल्या दिव्याच्या बटणालाही हात लावू नका. सांडलेल्यावर बादलीभर पाणी ओतलं तर पेट्रोल त्यावर तरंगत आणखी पसरतं. कोरडी वाळू किंवा माती टाका.

आता उचलणं. रॉयल एनफील्डच्या क्लासिक 350 चं वजन सुमारे 195 किलो आहे. तिचा गुरुत्वमध्य टायरच्या टेकूपासून अर्ध्या मीटरवर आणि आपण धरलेलं हँडल एक मीटरवर आहे असं धरलं, तर सुरुवातीलाच जवळपास 98 किलोचा जोर लागतो. गाडी 45 अंशांपर्यंत आली की तो 70 च्या आसपास उतरतो, आणि उभी होत आली की जवळजवळ शून्य. म्हणजे सगळी कसोटी पहिल्या हातभर उंचीची, आणि नेमके तेव्हाच आपण सर्वांत जास्त वाकलेले असतो. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून पाचेक सेंटिमीटरवरून ओढतात. हातातलं वजन अर्धा मीटर पुढे असेल, तर त्यांना त्याच्या दहापट ताण पेलावा लागतो. कमरेत उसण भरते ती यामुळे.

म्हणून गाडीकडे पाठ करायची. गाडी गिअरमध्ये टाका, म्हणजे चाक फिरणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. गुडघे वाकवून पार्श्वभाग सीटच्या कडेला टेकवा, एका हातात खालच्या बाजूची मूठ आणि दुसऱ्या हातात मागचं कॅरिअर किंवा फ्रेम धरा. पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर उठा आणि छोटी छोटी पावलं मागे टाका. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर शेवटी जोर लागेनासा होतो आणि ती पलीकडे कोसळते. डावीकडे पडली असेल तर स्टँड खाली दबलेला असतो, अशा वेळी पलीकडे कुणाला तरी उभं करा. वॉचमनला हाक मारण्यात कसला कमीपणा? ओल्या फरशीवर तर एकट्याने हात घालूच नका.

उभी केल्यावर लगेच सेल्फ मारू नका. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल नको तिथे गेलेलं असतं, क्वचित ऑइलही सिलिंडरमध्ये उतरतं. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे पिस्टन त्यावर आदळून नुकसान होऊ शकतं. दहा मिनिटं थांबा. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत अशी गाडी सुरूच होत नाही, आणि लोक बॅटरी उतरेपर्यंत बटण दाबत राहतात. निघण्यापूर्वी पुढचा ब्रेक दाबून बघा. लिव्हर मऊ लागला तर गाडी बाहेर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

राहिला स्टँडचा प्रश्न. साइड स्टँडवरची गाडी दोन चाकं आणि स्टँडचं टोक अशा त्रिकोणावर उभी असते. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकखालची माती खचून ते टोक रुतलं की गाडी जास्त कलते आणि गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या कडेकडे सरकतो. टोकाखाली शहाबादी फरशीचा सपाट तुकडा ठेवला की भार पसरतो. उतारावर लावताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा आणि पहिला गिअर टाका. पुढे घरंगळणाऱ्या गाडीचा साइड स्टँड मागे दुमडतो, मागे जाणाऱ्या गाडीचा उलट अधिक घट्ट रोवला जातो.