टेट कलासंग्रहालय : कार्बन उत्सर्जन व हवामानविषयक बांधिलकी

ब्रिटनमधील टेट ही कलासंस्था टेट ब्रिटन, टेट मॉडर्न, टेट लिव्हरपूल आणि टेट सेंट आयव्हज ही चार कलादालने चालवते. जुलै २०१९ मध्ये तिने ‘हवामान आणीबाणी’ जाहीर केली. टेट मॉडर्नमध्ये ओलाफुर एलिआसन यांचे प्रदर्शन त्याच महिन्यात सुरू झाले. याच कलावंताने भूवैज्ञानिक मिनिक रोसिंग यांच्यासह डिसेंबर २०१८ मध्ये ग्रीनलंडच्या फ्योर्डमधले (उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीतले) हिमखंड आणून या संग्रहालयासमोर वितळायला ठेवले होते.

टेट मॉडर्नची इमारत म्हणजे थेम्सकाठचे बँकसाइड वीज केंद्र. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेले हे केंद्र खनिज तेलावर चाले. १९८१ मध्ये ते बंद पडले आणि २००० मध्ये तिथे संग्रहालय उघडले. जुनी वास्तू न पाडता वापरात आणल्याने नव्या बांधकामाच्या सिमेंट-पोलादातून होणारे बरेच उत्सर्जन टळले. आवारात विद्युत उपकेंद्र आजही चालू आहे. त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून वाया जाणारी उष्णता २०१६ च्या विस्तारित इमारतीत ऊब आणण्यासाठी वापरली जाते.

२०१९ च्या घोषणेत २०२३ पर्यंत कार्बन उत्सर्जन किमान १० टक्क्यांनी घटवण्याचे वचन होते. त्यासोबत हरित वीज, शक्य तिथे विमानाऐवजी रेल्वे आणि उपाहारगृहांत शाकाहारी व व्हीगन पदार्थांची वाढ हेही होते. ‘आणीबाणी’ या शब्दाच्या मानाने १० टक्के हा आकडा किरकोळच म्हणायला हवा.

खरी अडचण हवेची आहे. लाकूड, कॅनव्हास, सरस आणि रंगाचे थर दमटपणानुसार कमीजास्त फुगतात-आकसतात. त्यामुळे चित्राला चिरा जातात, रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला हिस्सा) ५० टक्क्यांच्या आसपास, जेमतेम ५ टक्क्यांच्या फरकाने, वर्षभर राखण्याची प्रथा जगभर रूढ झाली. या काटेकोरपणासाठी वातानुकूलन यंत्रणा अहोरात्र चालवावी लागते. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीची चित्रे वेल्समधल्या मॅनोड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली होती. तिथल्या स्थिर हवेत ती उत्तम टिकली आणि तो अनुभव पुढे प्रमाण ठरला. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने गेल्या दशकात ही अट सैल केली : बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता व १६ ते २५ अंश सेल्सियस तापमान चालेल, मात्र चोवीस तासांत आर्द्रता १० टक्क्यांहून जास्त हलू नये. पण चित्र उसने देणाऱ्या मालकाने करारात जुनीच अट घातली, तर यजमान संग्रहालयाचे हात बांधले जातात.

इमारतीतले इंधन आणि विकत घेतलेली वीज यांचा हिशेब सोपा असतो. कलाकृतींची विमानवाहतूक, खास बनवलेली लाकडी खोकी, एका प्रदर्शनापुरत्या उभारलेल्या भिंती हे मोजणे त्याहून कठीण. आणि प्रेक्षक? २०१८ मध्ये टेट मॉडर्नला ५८ लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. परदेशातून आलेल्या पर्यटकाचे विमान कोणाच्या खात्यात टाकायचे, यावर एकमत नाही. हा भाग वगळला की टक्केवारी चांगली दिसते, म्हणून अशा संस्थांचे आकडे वाचताना त्यांत काय धरले आहे हे आधी पाहावे.

पैशाचा प्रश्नही याला जोडलेला आहे. १९९० पासून बीपी ही तेल कंपनी टेटची प्रायोजक होती. २०१० मध्ये स्थापन झालेल्या ‘लिबरेट टेट’ या गटाने दालनांतच निषेधाचे प्रयोग केले. २०१२ मध्ये कार्यकर्त्यांनी पवनचक्कीचे साडेसोळा मीटर लांबीचे पाते टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉल या भव्य दालनात आणून ‘भेट’ दिले. माहिती अधिकाराच्या लढ्यानंतर २०१५ मध्ये उघड झाले की १९९० ते २००६ या १७ वर्षांत बीपीने मिळून सुमारे ३८ लाख पौंड दिले होते, म्हणजे वर्षाला सरासरी सव्वादोन लाखांच्या आत. एवढ्या नावलौकिकाच्या मानाने सौदा कंपनीला स्वस्तच पडला. हे प्रायोजकत्व २०१७ मध्ये संपले. ब्रिटिश म्युझियमने मात्र डिसेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीकडून दहा वर्षांसाठी ५ कोटी पौंड स्वीकारल्याचे जाहीर केले.