मालट्रक वाहतूक (महाराष्ट्र)

किराणा, भाजी, दूध, सिमेंट, गॅस सिलिंडर, औषधं, जे काही रोज घरात येतं ते बहुतेक सगळं कुठे ना कुठे ट्रकमध्ये चढलेलं असतं. देशातली साधारण 70 टक्के मालवाहतूक रस्त्यानेच होते. रेल्वे लांबच्या आणि जड मालाला स्वस्त पडते खरी, पण ती दुकानाच्या दारात येत नाही ना.

नेहमीचं उदाहरण कांद्याचं. लासलगावला (ता. निफाड) लिलाव होतो, शेतकरी ट्रॅक्टर किंवा पिकअपमधून मोकळा कांदा आणतो, मग तो व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, तिथे निवडून गोण्या भरतात, गाडी लोड होते, ताडपत्री, रस्सी, भुईकाट्यावर वजन, बिल्टी (मालाची पावती) हातात, आणि रात्री कसारा घाट उतरून पहाटे वाशी मार्केट. अंतर सव्वादोनशे किमीच्या आसपास. तिथून पुढे दादर, ठाणे वगैरे टेम्पो किंवा छोटा हत्ती (टाटा एस, 2005 पासून), कारण शहरात बऱ्याच रस्त्यांवर मोठ्या गाडीला दिवसा नो एन्ट्री असते. भायखळ्याचं घाऊक भाजी मार्केट 1996 ला वाशीला हलवलं त्यामागेही गाड्यांची गर्दी हे मोठं कारण होतं.

या धंद्यात पैसा चालत्या गाडीत असतो आणि बुडतो तो उभ्या गाडीत. हप्ता, इन्शुरन्स, ड्रायव्हरचा भत्ता, काहीच थांबत नाही. म्हणून रिटर्न भाडं मिळणं फार महत्त्वाचं, रिकामी गाडी परत आणायची म्हणजे डिझेल आणि टोल पदरचा. रिटर्न नसलं की ट्रान्सपोर्टच्या ऑफिसबाहेर एकेक दिवस काढावा लागतो. माल उतरवायच्या मजुरीला वराई म्हणतात, ती गाडीवाल्याने द्यायची की माल मागवणाऱ्याने, हे भांडण जुनंच आहे. (हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला.)

पूर्वी जकात नाक्यावर गाड्या तासन्‌तास उभ्या असायच्या. मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर गेली, 2018 ला ई-वे बिल (मालासोबत ठेवायचा, ऑनलाइन काढलेला कागद) आलं, 2021 ला फास्टॅग सक्तीचा झाला, त्यामुळे रस्त्यातला खोळंबा बराच कमी झाला. ओव्हरलोडचा प्रश्न मात्र गेला नाही. 2018 ला दोन एक्सलच्या गाडीचं मालासकट वजन 16.2 वरून 18.5 टन केलं, तरी भाडं टनावर मिळत असल्याने चार गोण्या जास्त टाकायचा मोह कोणाला होत नाही? आणि मागे लिहायचं ते 'हॉर्न ओके प्लीज' राज्यात 2015 पासून बंद आहे, तरी दिसतंच.

गाड्या थांबल्या की काय होतं ते जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत दिसलं. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंडविधानाच्या जागी आलेला कायदा) कलम 106(2) मध्ये बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि ड्रायव्हर न कळवता पळून गेला तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती, त्याविरुद्ध ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून बसले. मनमाडजवळच्या पानेवाडीहून इंधनाचे टँकर निघेनात आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. 2 तारखेच्या रात्री सरकारने चर्चेचं आश्वासन दिलं. पुढे 1 जुलै 2024 ला बाकी संहिता लागू झाली, हे पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं.