कागदाचा शोध त्साय लुनने लावला? थांबा जरा
लहानपणापासून आपण घोकतोय की इ.स. 105 मध्ये चीनच्या राजदरबारातल्या त्साय लुनने कागद शोधला, पण तसं नाहीये. 1986 ला गान्सू प्रांतात फांगमातानच्या एका कबरीत कागदाचा तुकडा सापडला, त्यावर नकाशाच्या रेघा, आणि तो निघाला इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला, म्हणजे या बाबाच्या जन्माच्याही आधीचा! मग त्याने केलं काय? तर झाडाची साल, चिंध्या, मासे पकडायची जुनी जाळी असलं स्वस्तातलं सामान कुटून लगदा करायची पद्धत नीट बसवली आणि सम्राटापुढे मांडली, हेही काही कमी नाही हं. आणि हो, पपायरस, म्हणजे जुन्या इजिप्तमध्ये त्याच नावाच्या पाणवनस्पतीपासून बनवायचे ते लिहायचं साहित्य, हा काही कागद नव्हे, त्यात लगदा नसतोच, त्या वनस्पतीच्या देठाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या ठेवून दाबलेल्या असतात, पेपर हे नाव तेवढं तिथून आलं.