पार्श्वभूमी : ठाणे-नवी मुंबईत स्वतःचा गेम बनवणं इथवर कसं आलं

ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे या पट्ट्यात राहून गेम बनवणारी माणसं आजकाल उगवलेली नाहीत. वीसएक वर्षांपूर्वीही ती होती. तेव्हा गेम बनायचा तो दुसऱ्याचा. कोड लिहायचा, चित्रं काढायची, पगार घ्यायचा आणि गेमवर नाव यायचं कंपनीचं किंवा मोबाइल ऑपरेटरचं. आज याच भागातली मुलं-मुली नोकरीवरून आल्यावर, जेवणं उरकून, स्वतःच्या नावाचा गेम बांधायला बसतात आणि स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात किंवा फोनच्या प्ले स्टोअरवर टाकतात. हा बदल कसा झाला ते माहीत असलं की या कामात उतरताना काय सांभाळायचं तेही कळतं.

नावाचा प्रश्न तसा जुनाच. १९७० च्या दशकात अटारी ही अमेरिकेतली व्हिडिओ गेम कंपनी गेमवर प्रोग्रामरचं नाव छापत नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने मग आपल्या गेममध्ये एक गुप्त खोली ठेवली आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. १९७९ मध्ये अटारीतलेच चार प्रोग्रामर बाहेर पडून अॅक्टिव्हिजन या नव्या गेम कंपनीच्या स्थापनेत सामील झाले, आणि तिथे बनवणाऱ्याला नावानिशी श्रेय मिळू लागलं. पुढे ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रमसारखे स्वस्त संगणक घरोघरी आले, तेव्हा शाळकरी पोरं आपल्या खोलीत बसून गेम लिहून कॅसेटवर विकू लागली.

आपल्याकडे तो टप्पा आलाच नाही. मध्यमवर्गीय घरात आला तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि ‘शेकडो गेम एकात’ असं छापलेली कॅसेट. मे महिन्याच्या सुट्टीत, लोडशेडिंग नसेल तेव्हा, आळीपाळीने मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेली ही पिढी. मात्र त्या कॅसेटच्या आत काय आहे ते उघडून बघायची सोय नव्हती. मग सायबर कॅफे आले. तिथला संगणक तासाच्या भाड्याचा. काउंटर-स्ट्राइक खेळायला ठीक, पण त्यावर काही बनवायचं म्हणजे मीटर पळतोय हे डोक्यात ठेवून. आपण खेळायला फार लवकर शिकलो आणि बनवायला फार उशिरा, त्याचं कारण मला यातच दिसतं. बुद्धीचा तुटवडा कधीच नव्हता. स्वतःचं म्हणता येईल असं यंत्र हाताशी नव्हतं.

बनवणं खऱ्या अर्थाने सुरू झालं ते मोबाइलवर. १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत इंडियागेम्स सुरू केली. त्याच्या दोन वर्षं आधी राजेश राव यांची ध्रुवा इंटरअॅक्टिव्ह बंगळुरूत उभी राहिली होती. आयफोनच्या आधीचा तो काळ जावा फोनचा, म्हणजे जावात लिहिलेले छोटे गेम चालवणाऱ्या बटणांच्या फोनचा. नोकियाच्या सुरुवातीच्या सीरिज ४० फोनवर अख्खा गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागे. आज व्हॉट्सअॅपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. त्यात प्रत्येक फोनचा पडदा वेगळा : १२८ बाय १२८, १७६ बाय २०८, २४० बाय ३२०. एकच गेम प्रत्येक मॉडेलवर नीट चालेल असा करून देणं म्हणजे पोर्टिंग, आणि कित्येकांची पहिली नोकरी या पोर्टिंगचीच. चित्राचे रंग कमी करायचे, दोन आवाज काढून टाकायचे, एक लेव्हल छाटायची, पुन्हा फोनवर चढवून बघायचं. पैसे गोळा करायचा ऑपरेटर, मोठा हिस्साही त्याचाच. खेळणारा कोण आणि त्याला काय आवडलं, हे बनवणाऱ्यापर्यंत पोहोचतच नसे.

तरी या काळाने एक शिस्त लावली. मोजक्या जागेत गेम पुरा करायचा आणि ठरल्या तारखेला द्यायचा. आज स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांत जे टिकलेले दिसतात, त्यांच्यात ही शिस्त हमखास असते.

याच सुमारास इथला भूगोलही बदलत होता. ठाणे-बेलापूर पट्टा मूळचा एमआयडीसीचा, रसायनं आणि इंजिनिअरिंगचा. हळूहळू त्याच रस्त्यावर महाप्याचं मिलेनियम बिझनेस पार्क, ऐरोलीचं माइंडस्पेस अशी आयटीची संकुलं आली. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली आणि दादर-कुर्ल्याला वळसा न घालता ठाण्याचा माणूस नवी मुंबईत कामाला जाऊ लागला. जाण्या-येण्यातला वेळ वाचणं ही गेम बनवणाऱ्याच्या दृष्टीने क्षुल्लक बाब नाही. अंधेरी गाठून घरी परतणाऱ्या माणसाच्या अंगात रात्री स्वतःच्या कामाला बसायचं त्राण उरत नाही. घणसोलीहून कळव्याला येणाऱ्याच्या अंगात थोडं तरी उरतं.

गेम विकायच्या ऑनलाइन दुकानांची दारं उघडली ती टप्प्याटप्प्याने. जुलै २००८ मध्ये अॅपलचं अॅप स्टोअर, त्याच वर्षी अँड्रॉइडचं मार्केट. २०१२ मध्ये स्टीमने ग्रीनलाइट आणलं, ज्यात कोणता गेम दुकानात यावा यावर खेळाडू मत देत. जून २०१७ मध्ये तेही गेलं आणि स्टीम डायरेक्ट आलं : गेममागे १०० डॉलर भरा, कागदपत्रं द्या, गेम लावा. हत्यारंही, म्हणजे गेम बांधायची इंजिन म्हणतात ती सॉफ्टवेअर, त्याच काळात स्वस्त होत गेली. २००५ मध्ये आलेलं युनिटी हळूहळू सगळ्यांच्या आवाक्यात आलं, गोडो २०१४ मध्ये मुक्तस्रोत झालं, आणि २०१५ मध्ये अनरिअलने सुरुवातीची फी काढून टाकली. सिअॅटलजवळ राहणाऱ्या एरिक बॅरोनने चारहून अधिक वर्षं एकट्याने खपून केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये आला आणि एका माणसाचा गेम जगभर जाऊ शकतो हे सिद्ध झालं.

नवी मुंबईचं नाव या इतिहासात येतं ते ‘लुडो किंग’मुळे. विकाश जयस्वाल यांनी आधी इंडियागेम्समध्ये काम केलं, मग गेमशन ही स्वतःची कंपनी काढली. २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ आला आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत पोहोचला. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सची गोष्ट वेगळ्या वळणाची. ‘राजी’ या त्यांच्या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या साइटवर मागितलेली रक्कम जमली नाही. तरी काम थांबलं नाही. २०२० मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. नवीन मुलं ही दोन नावं एका दमात घेतात, पण दोन्ही वाटा भिन्न आहेत. फुकट खेळायचा, जाहिरातींवर चालणारा, कोट्यवधी लोकांचा सर्व्हर सांभाळणारा गेम हे एकट्याने संध्याकाळी करायचं काम नाही. विकत घेऊन एकदा पूर्ण खेळायचा छोटा गेम मात्र एकट्यादुकट्याला जमतो. यातलं आपण काय करतोय ते सुरुवातीलाच ठरवावं.

दारं उघडली तशी गर्दीही आत आली. २००५ मध्ये घोडं अडायचं ते ‘गेम दुकानात घेईल कोण’ इथे. आता ते ‘गेम कुणाला दिसेल कसा’ इथे अडतं. म्हणून जुन्या मंडळींचा सल्लाही बदलला. स्टीमवर ‘लवकरच येत आहे’ असं पान प्रकाशनाआधी निदान दोन आठवडे असावं लागतं, पण दोन आठवड्यांवर थांबू नका. गेमचं रूप ठरलं, चार बरी चित्रं आणि एक मिनिटाचा व्हिडिओ झाला की पान लावा, म्हणजे विशलिस्ट (‘हा गेम पुढे घ्यायचाय’ अशी खेळाडूंनी केलेली नोंद) जमायला महिने मिळतात. त्या पानावरचं गेमचं दर्शनी चित्र चांगल्या चित्रकाराकडून करून घ्या. ठाण्यात चित्रकारांना तोटा नाही, आणि पहिला खर्च करायचाच तर तो इथे करावा. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करून पैसे मिळतात, म्हणून पहिल्या दहा मिनिटांवर जीव ओता. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. करविषयक माहिती भरताना पॅन नीट दिला तर भारत-अमेरिका कराराप्रमाणे ३० ऐवजी १५ टक्के कापला जातो. हा कंटाळवाणा अर्ज शांत डोक्याने भरा, आणि जीएसटीचं सीएला विचारून घ्या.

प्ले स्टोअरची नोंदणी २५ डॉलरची, एकदाच. पण नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी चाचणीसाठी माणसं जमवावी लागतात. आधी वीस लागत, आता बारा, सलग चौदा दिवस. इथे सोसायटी, ऑफिसचा ग्रुप, आत्याची-मामाची मुलं उपयोगी पडतात. या निमित्ताने मी पाहिलेली सर्वांत शिकवणारी गोष्ट सांगतो. कळव्याच्या मावशीच्या हातात फोन दिला आणि काही बोललो नाही. तिने पहिल्याच पडद्यावर सुरुवातीचं बटण सोडून गेमच्या नावावर बोट दाबलं. पुन्हा दाबलं. मग फोन माझ्याकडे धरून म्हणाली, “बंद पडलाय रे हा.” नाव मोठं आणि पिवळं होतं, बटण लहान आणि राखाडी. माझ्यासोबत काम करणाऱ्या एकालाही हे दिसलं नव्हतं. खेळणाऱ्याच्या शेजारी बसा, तोंडाला कुलूप लावा आणि त्याचं बोट कुठे जातं ते बघा. याहून स्वस्त आणि खरी चाचणी दुसरी नाही.

मराठीत गेम करणाऱ्यांची एक अडचण वेगळी सांगायला हवी, कारण तिच्यापायी कितीतरी जणांनी आपला गेम इंग्रजीत नेला. युनिटीत ‘किल्ला’ टाइप केलं की पहिली वेलांटी क च्या आधी न येता नंतर लटकायची, आणि जोडाक्षरातला ल मोडून त्याच्या पायाशी हलन्त दिसायचा. दिवाळीच्या किल्ल्यावरचा गेम करायचा आणि किल्ला हाच शब्द पडद्यावर मोडका! फॉन्टमध्ये जोडाक्षरं असतात. ती कधी, कुठे लावायची हे ठरवणारा भाग मजकूर दाखवणाऱ्या यंत्रणेत नव्हता. मग लोक जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरत किंवा प्रत्येक वाक्य चित्र म्हणून टाकत. एक शब्द बदलला की चित्र नव्याने. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये ही यंत्रणा मुळातच आहे. ‘ऱ्या’, ‘क्ष’, ‘स्त्री’ जसे लिहिले तसे उमटतात. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’सारखा देखणा देवनागरी फॉन्ट मोफत मिळतो. मराठी गेमचा विचार असेल तर चित्रं काढायच्या आधी, पहिल्याच दिवशी, चार अवघड शब्द पडद्यावर उमटवून बघा.

त्याच २०२३ च्या सप्टेंबरात युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचा नियम जाहीर केला. जगभर ओरड झाली, नियम सैल झाला आणि वर्षभराने रद्दही झाला. पण आपला गेम दुसऱ्याच्या हत्याराला किती बांधलेला आहे हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. अनेक जण गोडोकडे वळले ते याच धक्क्यानंतर. चालू काम अर्ध्यात सोडून नवं हत्यार धरू नये असं माझं ठाम मत आहे. पुढचा गेम कशात करायचा, हा विचार मात्र जरूर करावा.

घरच्यांच्या आणि बँकेच्या मनातला गोंधळही याच वर्षांतला. ऑक्टोबर २०२३ पासून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २८ टक्के जीएसटी लागला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदीचा कायदा केला. त्या बातम्यांत ‘गेमिंग’ हाच शब्द होता, म्हणून काका विचारतात, “हे बंद झालं ना?” झालेलं नाही. कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ वेगळे ठेवले आहेत. विकत घेऊन खेळायचा गोष्टीचा गेम हे जुगारापासून दूरचं काम आहे, आणि व्यवसायाची कागदपत्रं करताना ‘गेम सॉफ्टवेअर निर्मिती’ असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, गेमिंग वगैरेंसाठीच्या एव्हीजीसी-एक्सआर धोरणाला मंजुरी दिली. २०५० पर्यंतचा आराखडा, ३,२६८ कोटी रुपयांचा. मोठी संकुलं यातून उभी राहतील ती राहोत. कळव्याच्या वन-बीएचकेत दोघं मिळून गेम करणाऱ्यांना हवी आहे ती सहा महिन्यांच्या पगाराइतकी मदत, एक चांगला टेस्टिंगचा फोन, आणि शनिवारी संध्याकाळी चार जणांनी एकमेकांचे अर्धवट गेम खेळून बघावेत अशी स्टेशनजवळची एखादी खोली. धोरणाच्या अंमलबजावणीत एवढ्या लहान अर्जालाही जागा ठेवावी, अशी माझी मागणी आहे.